तरुणांना राजकारणासाठी तयार करायचंय, वेस्ट इंडीजच्या बेटांवरून काय घेता येईल?

राज्यशास्त्रवाली (सोलापूर)

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एका ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. रविवारी संध्याकाळी अशोक चौकाच्या बाजूला एका वाचनालयाच्या हॉलमध्ये १८ ते २५ वयाच्या मुलामुलींचा वर्ग घेते. यंत्रमाग कामगारांची मुलं आहेत, विडी वळणाऱ्या बायकांच्या मुली आहेत, दक्षिण तालुक्यातून एस.टी.नं येणारे दोघं-तिघं आहेत. हेतू उघड आहे. यांच्यातल्या काहींनी पुढं निवडणूक लढवावी. ग्रामपंचायत, महापालिका, जमलं तर त्याच्याही वर. कुठल्या पक्षातून ते त्यांनी ठरवावं, मी त्यात पडत नाही.

अडचण अभ्यासक्रमाची आहे. नेतृत्व विकासाच्या नावाखाली जे साहित्य मिळतं त्यात माईक कसा धरावा, सुरुवात कशी करावी, टाळी कुठं घ्यावी एवढंच असतं. पोरं छान बोलायला लागतात. पण बोलणं संपल्यावर समोरून कुणी विचारलं, "हे सगळं करायला पैसा कुठून आणणार?" की सगळे गप्प. म्हणून इतर देशांत काय केलं ते वाचायला घेतलं आणि कॅरिबियन बेटांपाशी थांबले.

तिथंच का, तर आकड्यांमुळं. बार्बाडोसची लोकसंख्या साधारण २ लाख ८० हजार, संसदेच्या कनिष्ठ सभागृहात जागा ३०. सोलापूर शहर २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख, २०१७ च्या महापालिकेत नगरसेवक १०२. दोन्हीकडं भागाकार करून बघा. एका प्रतिनिधीमागं नऊ-साडेनऊ हजार माणसं, दोन्ही ठिकाणी सारखीच. सेंट किट्स अँड नेव्हिस हा अख्खा देश पन्नास हजारांच्या आसपास आहे, पंढरपूर शहराच्या निम्मा. त्याला स्वतःचा पंतप्रधान आहे, संयुक्त राष्ट्रांत मत आहे. उद्या पंतप्रधान होणारी मुलगी तिथं ज्या मतदारसंघातून सुरुवात करते तो आपल्या वॉर्डाएवढा. मतदार तिला ओळखतात, तिच्या आजीला ओळखतात, तिनं शाळा कुठं बुडवली तेही त्यांना माहीत असतं. एवढ्या जवळच्या लोकांत नेता कसा घडतो हे आपल्याला उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

आता वाचलेलं थोडं सांगते. त्या बेटांवरची पहिली फळी कामगार चळवळीतून आली. १९३७ मध्ये त्रिनिदादचे तेलकामगार आणि बार्बाडोसचे लोक, १९३८ मध्ये जमैकातले ऊस आणि गोदी कामगार उठले. गोळीबार झाले, माणसं मेली. त्यातून युनियन उभ्या राहिल्या, युनियनमधून पक्ष निघाले, आणि १९४४ मध्ये जमैकाला प्रौढ मताधिकार मिळाला. जमैकाचे बुस्टामांटे, बार्बाडोसचे ग्रँटली अ‍ॅडम्स, सेंट किट्सचे ब्रॅडशॉ, अँटिग्वाचे व्हीअर बर्ड ही सगळी युनियनच्या टेबलावर घडलेली माणसं. १९३० चा मार्शल लॉ आणि चार हुतात्म्यांची फाशी ज्या गावानं सोसली, त्या आपल्या गिरणगावाला हे वेगळं सांगायला नको.

पण माझं लक्ष धरून ठेवलं ते वुडफर्ड स्क्वेअरनं. पोर्ट ऑफ स्पेनमधला हा चौक, झाडांचा, त्रिनिदादच्या संसदेच्या इमारतीसमोरचा. एरिक विल्यम्स म्हणजे ऑक्सफर्डचे इतिहासाचे डॉक्टर, साखर आणि गुलामगिरीतून इंग्लंडची भांडवलशाही कशी वाढली यावर १९४४ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलेलं. जून १९५५ मध्ये त्यांची एका सरकारी आयोगातली नोकरी गेली. ते थेट त्या चौकात आले आणि लोकांना सगळं कागदोपत्री सांगितलं. मग तिथं व्याख्यानांचा सिलसिलाच सुरू झाला आणि लोकांनीच चौकाला विद्यापीठ म्हणायला सुरुवात केली. कारकून, गोदीतले हमाल, शाळामास्तर, भाजीवाल्या बायका उभ्यानं ऐकायच्या. विषय काय, तर राज्यघटनेत सुधारणा, वसाहतीचं अर्थकारण, गुलामगिरीचा इतिहास. सोपं करून सांगायचं, पण पातळ करायचं नाही. जानेवारी १९५६ मध्ये पक्ष काढला आणि सप्टेंबरमध्ये २४ पैकी १३ जागा घेतल्या.

इथवर वाचून मी हरखून गेले होते. पुढचं वाचल्यावर रात्री झोप लागली नाही. विल्यम्स १९८१ मध्ये मरेपर्यंत सत्तेवर राहिले, २५ वर्षं. आणि १९७० मध्ये त्याच चौकात तरुण पोरं त्यांच्याच सरकारविरुद्ध हजारोंनी जमली, त्यांनी त्या चौकाला जनतेची संसद असं नाव दिलं, आणि एप्रिलमध्ये विल्यम्सनी आणीबाणी लावली. ज्या माणसानं लोकांना प्रश्न विचारायला शिकवलं, त्यानं शिकलेल्यांसाठी जागा केली नाही.

आज तिथं सरकारी पातळीवर बरंच काही चालतं. युवा संसदा भरतात. कॅरिकॉम या देशांच्या संघटनेनं १९९३ पासून युवा राजदूत नेमायला सुरुवात केली. बार्बाडोसनं २०२२ मध्ये संसदेसाठीचं किमान वय २१ वरून १८ वर आणलं आणि १८ वर्षांच्या मुलाला सिनेटवर नेमलं. तरीही २०२० च्या जमैकाच्या निवडणुकीत मतदान ३७ टक्क्यांच्या आसपास.

तर विचारायचं हे की पोरांना खरं तयार करतं ते नक्की काय? चौक, युनियन, युवा संसद, की आणखी काही? तुमच्यापैकी कुणी पंचायतीत काम केलंय, कुणी तिकडचं वाचलंय, मोकळेपणानं सांगा. वर्गाचं पुढचं सत्र त्यावरून आखायचं आहे.

---

पार्क मैदान

मॅडम, मी निवृत्त बँक कर्मचारी, वेस्ट इंडीजच्या क्रिकेटमुळं त्या बेटांच्या राजकारणात शिरलेला माणूस. तुम्ही विल्यम्सपाशी थांबलात. त्यांच्या मास्तरांपर्यंत जा.

सी. एल. आर. जेम्स. क्वीन्स रॉयल कॉलेजात त्यांनी तरुण विल्यम्सना शिकवलं होतं. विल्यम्स सत्तेवर आल्यावर जेम्स १९५८ मध्ये त्रिनिदादला परतले आणि पक्षाचं 'द नेशन' हे साप्ताहिक चालवायला घेतलं. त्यातून त्यांनी एक मोहीम काढली: वेस्ट इंडीजचा कप्तान फ्रँक वॉरेल झाला पाहिजे. तोवर पूर्ण मालिकेसाठी कप्तान गोराच असायचा, संघात त्याच्यापेक्षा दसपट चांगले काळे खेळाडू असले तरी. जेम्सनी आरडाओरडा केला नाही. वॉरेलचा अनुभव, आकडे, लायकी अंकामागून अंकात मांडली. १९६० च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याला वॉरेल कप्तान झाला. तुमच्या पोरांना हे शिकवा. एक ठोस मागणी, एक नाव, आणि ती पुरी होईपर्यंत दर आठवड्याला नवा पुरावा.

वॉरेल आपल्याला माहीत आहे तो वेगळ्या कारणानं. १९६२ मध्ये बार्बाडोसला आपला कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला चेंडू लागला तेव्हा रक्त द्यायला सगळ्यात आधी पुढं आलेला माणूस. पण निवृत्तीनंतर तो वेस्ट इंडीज विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचा वॉर्डन होता आणि जमैकाच्या सिनेटचा सदस्यही. वेस हॉलसारखा वेगवान गोलंदाज पुढं बार्बाडोसचा मंत्री झाला. मैदान हीसुद्धा त्यांची शाळा होती.

आता विद्यापीठाचं. १९४८ मध्ये जमैकात मोना इथं ३३ विद्यार्थ्यांवर ते सुरू झालं, सगळे वैद्यकीय शाखेचे. वेगवेगळ्या बेटांची पोरं पहिल्यांदा एका मेसमध्ये जेवायला लागली. १९५८ मध्ये दहा वसाहतींचं फेडरेशन, म्हणजे संघराज्य झालं, १९६१ मध्ये जमैकानं सार्वमतानं बाहेर पडायचं ठरवलं, १९६२ मध्ये सगळं मोडलं. विल्यम्स म्हणाले होते की दहातून एक गेला की उरतं शून्य. राज्य मोडलं, पण क्रिकेट संघ राहिला आणि विद्यापीठ राहिलं. त्या विद्यापीठात विद्यार्थी संघटनेच्या खऱ्या निवडणुका होत. १९६८ मध्ये वॉल्टर रॉडनी या गयानीज प्राध्यापकाला जमैका सरकारनं देशात परत येऊ दिलं नाही, तेव्हा विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला. त्या मोर्चाच्या पुढं असलेला विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष राल्फ गोन्साल्विस पुढं २००१ मध्ये सेंट व्हिन्सेंटचा पंतप्रधान झाला.

आपल्याकडं कॉलेजच्या थेट निवडणुका १९९० च्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्यांची तरतूद परत आली. पण आज चाळिशीत असलेल्या कुठल्याही सोलापूरकराला विचारा, त्यानं कॉलेजात कुणासाठी मत मागितलंय का. मत मागणं, हरणं, हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात जाऊन बसणं, हे एकविसाव्या वर्षाआधी एकदा तरी घडायला हवं. तुमच्या वर्गातच निवडणूक घ्या. खरी, गुप्त मतदानाची.

आणि विल्यम्स-जेम्स जोडीचा शेवट पोरांपासून लपवू नका. १९६० पर्यंत दोघांचं फाटलं. १९६५ मध्ये जेम्स क्रिकेटचे वार्ताहर म्हणून त्रिनिदादला आले, तर शिष्याच्या सरकारनं त्यांना घरात स्थानबद्ध केलं.

---

माजी सरपंच, मोहोळ तालुका

मॅडम नमस्कार. त्या बेटांचं मला काई माहीत नव्हतं, तुमचं आणि सरांचं वाचून कळलं. पण पोरांना काय शिकवायचं ते मी सांगू शकते.

आमच्या गावात महिला राखीव सुटलं म्हणून घरच्यांनी मला उभं केलं. निवडून आले. पहिल्या दिवसापासून शिक्का घरातल्या पुरुषाच्या खिशात. मी सही करायची आणि भाकरी थापायला जायची. मग शेजारच्या गावच्या एका जुन्या सरपंच ताईनं सांगितलं, बाई, बाकी सगळं राहू दे, आधी नमुना पाच मागून घे.

नमुना पाच म्हणजे रोकडवही. एका बाजूला जमा, एका बाजूला खर्च, तारीख, पावती नंबर, कशाबद्दल. मी ती वही घरी नाही, ऑफिसातच बसून वाचायला लागले. बोट ठेवून एकेक ओळ. एका ओळीला थांबले. गटारीच्या कामाचं बिल निघालेलं होतं आणि त्या गल्लीत मी रोज जाते, तिथं गटार नव्हतीच. मी काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मोजमापाची टेप घेतली, शाळेतल्या दोन पोरांना बरोबर घेतलं आणि गल्लीत जाऊन उभी राहिले. बायका दारात आल्या. काय मोजताय सरपंच? गटार मोजतेय म्हटलं. त्याच आठवड्यात काम सुरू झालं, आणि शिक्कापण माझ्याकडं आला.

म्हणून सांगते, पोरींना बोलायला शिकवू नका एवढं, थांबायला शिकवा. "वाचल्याशिवाय सही करत नाही" एवढं एक वाक्य म्हणायचं आणि समोर पाच माणसं खोळंबली तरी खुर्चीवरून उठायचं नाही. हे लई अवघड आहे. याची प्रॅक्टिस घ्या. चार जणांनी घाई करायची, कुणी आवाज चढवायचा, कुणी काकी काकी म्हणून गोड बोलायचं, आणि एका पोरीनं कागद वाचत बसायचं.

ग्रामसभेचंबी शिकवा. २६ जानेवारीला, १ मेला, १५ ऑगस्टला, २ ऑक्टोबरला सभा असते हे पोरांना पाठ असतंय. पण प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेत काय ठरलं त्याची वही, सभेतच लिहून सभेतच वाचून दाखवलं पाहिजे, हे कुणी मागत नाही. मागायचं.

त्या बेटांवर बायका पुढं आल्या का हो?

---

शेळगीचा

मॅडम, वय २४, बी.ए. झालोय, सध्या एका पक्षाचं काम करतो. राग मानू नका पण एक स्पष्ट विचारतो. तयार होऊन करायचं काय? तिकीट कोण देणार?

माझा अनुभव सांगतो. झेंडे बांधायला आम्ही, रात्री स्लिपा वाटायला आम्ही, बूथवर सकाळी सहाला आम्ही. उमेदवारी जाहीर होते तेव्हा नाव येतं ते कुणाच्या तरी पोराचं नाहीतर पुतण्याचं. आणि २०२२ पासून वर्षानुवर्षं महापालिकेत प्रशासक बसलेला होता. माझ्यासारख्यांची उमेदीची वर्षं निवडणुकीची वाट बघण्यात गेली.

तुमच्या बेटांवरचं मला माहीत आहे ते जमैकाचा गायक बॉब मार्लेमुळं. एप्रिल १९७८, किंग्स्टनमध्ये कार्यक्रम चालू असताना मार्लेनं पंतप्रधान मायकेल मॅनली आणि विरोधी पक्षनेते एडवर्ड सीगा यांना स्टेजवर बोलावलं आणि दोघांचे हात एकत्र वर धरले. दोघांच्या पक्षांची पोरं गल्ल्यागल्ल्यांत एकमेकांना गोळ्या घालत होती. फोटो जगभर गेला. आणि १९८० च्या निवडणुकीच्या वर्षात ८०० च्या वर माणसं मेली. तिथल्या वस्त्याच पक्षांच्या मालकीच्या झाल्या होत्या. घर पाहिजे, काम पाहिजे, तर आमच्या पक्षाचा हो आणि आमच्यासाठी हत्यार उचल. तरुणांना राजकारणात घेतलंच होतं की त्यांनी, पण असं घेतलं.

म्हणून म्हणतो, नुसतं "तरुणांनी राजकारणात यावं" हे मला पुरत नाही. कशासाठी आणि कुठल्या खुर्चीवर, ते आधी सांगा.

---

साखर पेठ

वर्गात समाजाचा विषय काढता का? आमच्या भागात तिकीट ठरतं ते पद्मशाली किती, लिंगायत किती, मुस्लिम किती, मोची किती हे वहीत मोजून. पोरांनी नमुना पाच वाचला तरी मत त्यावर पडत नाही.

---

राज्यशास्त्रवाली

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देते, थोडं लांबेल.

आधी सरपंच ताई. बायका आल्या, आणि मोठ्या जागी आल्या. डॉमिनिका नावाच्या छोट्या बेटावर युजेनिया चार्ल्स १९८० मध्ये पंतप्रधान झाल्या आणि १५ वर्षं राहिल्या. वकील होत्या. सरकारवर टीका करणाऱ्यांची तोंडं बंद करणारा कायदा आला, त्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि तिथून राजकारणात आल्या. बार्बाडोसच्या मिया मोटलींनी २०१८ मध्ये तीसच्या तीस जागा जिंकल्या, २०२२ मध्ये परत तीसच्या तीस. त्रिनिदादच्या कमला प्रसाद-बिसेसर २०१० मध्ये पंतप्रधान झाल्या, त्यांचे पूर्वज भारतातूनच गिरमिटावर, म्हणजे कराराच्या मजुरीवर, ऊस तोडायला गेलेले. पण तुमच्या टेपचा प्रसंग मी वर्गात या तिघींच्या आधी सांगणार आहे. तुमची परवानगी गृहीत धरते.

साखर पेठ, विषय काढते, आणि त्यासाठी माझ्याकडं गयानाइतकं (बेट नाही, पण त्याच कॅरिबियन गटातला देश) चांगलं उदाहरण दुसरं नाही. तेव्हा तिथं निम्म्याच्या आसपास लोक भारतीय वंशाचे होते, उसाच्या मळ्यात. आफ्रिकी वंशाचे बरेचसे शहरात, नोकरीत. १९५० मध्ये छेदी जगन आणि फोर्ब्ज बर्नहॅम या दोन तरुणांनी मिळून एक पक्ष काढला, दोन्ही समाजांचा. १९५३ मध्ये २४ पैकी १८ जागा जिंकल्या. इंग्रजांनी १३३ दिवसांत घटना स्थगित केली, सैन्य उतरवलं. दोघं मिळून भारतातसुद्धा येऊन गेले, पाठिंबा मागायला. आणि १९५५ मध्ये पक्ष फुटला. पुढं ६० च्या दशकात दोन्ही समाजांत जाळपोळ, खून. बर्नहॅम सत्तेवर आले आणि निवडणुकांत घोटाळे करत मरेपर्यंत राहिले. मोकळी निवडणूक व्हायला १९९२ उजाडलं. मुलांना मी विचारते, १९५३ मध्ये एकत्र मत देणारी तीच माणसं दहा वर्षांत एकमेकांची घरं का जाळायला लागली? ती रक्तातच तशी होती म्हणावं तर १९५३ चा निकाल खोटा ठरतो. वहीतले आकडे कुणीतरी बसून तयार करतं. मग ते दुसऱ्या रीतीनंही मांडता येतात. विडी वळणाऱ्या बायकांमध्ये तेलुगू बोलणाऱ्या आहेत, उर्दू बोलणाऱ्या आहेत, कन्नड बोलणाऱ्या आहेत, आणि कुंभारीजवळची १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत त्यांनी एकत्र लढून मिळवली. आपल्याच शहरात घडलंय हे.

याच विडीच्या विषयावर एक प्रसंग. आमच्या वर्गातल्या एका मुलीला मी सांगितलं, पर्यावरण वगैरे नको, घरातलं काहीतरी मांड. ती उभी राहिली आणि छाटीवर बोलली. आई दिवसभर बसून हजार विडी वळते, विडी कंपनीच्या ब्रँचवर नेते, तिथं तपासणारा मूठभर विड्या बाजूला काढतो, खराब म्हणून. त्या छाटलेल्या विड्यांचे पैसे नाहीत, आणि पानही त्यातच गेलं. तिनं सोबत पानाची एक गड्डी आणली होती, पान भिजवून कसं कापतात, कुठल्या पानाची विडी फुटते ते दाखवलं. मग मागं बसलेल्या एकानं विचारलं, छाट मोजायची कुणी, कामगारानं, मालकानं की तिसऱ्यानं? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, तिसरा कोण हे ठरवायला दोघांची सही लागेल. अभ्यासक्रमातल्या कुठल्याही धड्यात मला हे शिकवता आलं नसतं. वाटाघाट म्हणजे काय ते तिला घरातून माहीत होतं. युनियनमधून आलेली ती कॅरिबियन पिढी मला त्या दिवशी नीट कळली.

आता शेळगीच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाला. राग कशाला मानू. घराणी तिथंही आहेत. जमैकाच्या नॉर्मन मॅनलींचा मुलगा मायकेल, ग्रँटली अ‍ॅडम्स यांचा मुलगा टॉम, व्हीअर बर्ड यांचा मुलगा लेस्टर, तिघंही पंतप्रधान. आणि वयानं तरुण असणं म्हणजे सगळं नव्हे, हेही तिथं दिसतं. डॉमिनिकाचे रुझवेल्ट स्केरिट २००४ मध्ये ३१ व्या वर्षी पंतप्रधान झाले आणि वीस वर्षं उलटली तरी तेच. तरुण आले, पण मागून येणाऱ्या तरुणांची वाट अडलीच.

मार्लेच्या हातांचं तू बरोबर सांगितलंस. त्याला एक जोड देते. १९७९ मध्ये जमैकानं निवडणुकीचा कारभार सरकारच्या हातून काढून एका समितीकडं दिला. दोन्ही पक्षांची माणसं आणि सोबत स्वतंत्र सदस्य. फोटोत येण्यासारखं त्यात काही नव्हतं. मतदार याद्या, मतपेट्या, नियम. पुढं त्यातूनच कायमचा निवडणूक आयोग झाला. तू बूथवर सकाळी सहाला बसतोस ना, मतदार यादी तुझ्याइतकी कुणाला माहीत असणार? कुणाचं नाव दोनदा आहे, कोण मेलं, कुणाचं लग्न होऊन दुसऱ्या वॉर्डात गेलं. ते आमच्या वर्गात येऊन शिकव. तिकिटाची हमी माझ्याकडं नाही. पण यादी आणि रोकडवही ज्याला वाचता येते, त्याला पक्षातही सहज बाजूला सारता येत नाही असं मला वाटतं, आणि ग्रामपंचायतीला तर पक्षाचं तिकीट लागतच नाही. २१ पूर्ण पाहिजेत, एवढं.

ग्रेनाडा या बेटाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मीच लिहिते. १९७९ मध्ये मॉरिस बिशप आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी जुलमी सरकार उलथवलं. पोरं झपाटलेली होती. साक्षरता वर्ग, गावोगावच्या सभा, अर्थसंकल्पावर लोकांशी चर्चासुद्धा. फक्त निवडणूक घेतली नाही. चार वर्षांनी पक्षातच फूट पडली, बिशपना त्यांच्याच साथीदारांनी घरात कोंडलं आणि १९ ऑक्टोबर १९८३ ला गोळ्या घालून मारलं. सहा दिवसांत अमेरिकेचं सैन्य उतरलं. मतभेद झाला तर लोकांकडं जाऊन निकाल लावायची वाटच त्यांनी ठेवली नव्हती. हुशार, प्रामाणिक तरुण असले की पुरे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी मी हा धडा दोन बैठकांत घेणार आहे.

पार्क मैदान सर, वर्गातल्या निवडणुकीचं मी लगेच उचलते. विल्यम्सचा शेवट डोक्यात ठेवून नियम असा: वर्गाचा अध्यक्ष तीन महिन्यांसाठी, गुप्त मतदानानं, आणि एकदा झालेल्याला परत उभं राहता येणार नाही. पायउतार होताना त्यानं हिशोब वाचून दाखवायचा, चहाच्या पैशांसकट. युवा संसद घेणार नाही. वर्षातून एकदा कोट घालून सभापती व्हायचं आणि घरी जायचं, त्यात कुणाचं काही पणाला लागत नाही. त्याऐवजी महिन्यातून एकदा हॉल सोडून कन्ना चौकात उभं राहायचं. दहा मिनिटं एकानं बोलायचं, एकाच विषयावर, कागदासह. पाणी किती दिवसांआड येतं आणि का, घरपट्टी कशी आकारतात, असले विषय. आणि पुढचा अर्धा तास लोक विचारतील त्याला उत्तर द्यायचं. माहीत नसेल तर "पुढच्या महिन्यात कागद घेऊन येतो" म्हणायचं आणि खरंच यायचं. साप्ताहिकाचं जमणार नाही, पण भिंतीवर लावायचं दोन पानी पत्रक पोरं काढतील. एक मागणी धरायची आणि ती सोडायची नाही, जेम्ससारखी. कुठली, ते त्यांनाच ठरवू दे.

सरपंच ताई, एक विनंती. नमुना पाचचा कोरा कागद आमच्या पोरांनी कधी पाहिलेला नाही. नमुना एक म्हणजे अर्थसंकल्प आणि नमुना आठ म्हणजे कर आकारणी, तेही असतील तर बरं. तुम्ही एखाद्या रविवारी येऊन ती सही न करायची प्रॅक्टिस घ्याल का? दमदाटी करणारे पाच जण मी तयार ठेवते.

---

माजी सरपंच, मोहोळ तालुका

येते की. कोरे नमुने आणते, आणि माझ्या काळातल्या एका वर्षाच्या झेरॉक्सपण आहेत, गावाचं नाव झाकून देते. अमावस्येचा रविवार सोडून कुठलाबी सांगा. दमदाटीला पाच कमी पडतील, आठ ठेवा, आणि त्यात दोन बायका पाहिजेत. मला सगळ्यात जास्त घाई सासूबाईंनीच केली होती.

---

शेळगीचा

मॅडम, मी येतो. आमच्या बूथची जुनी यादी आहे माझ्याकडं, खुणा केलेली. प्रोजेक्टर असेल तर सांगा, नसेल तर पानं वाटून करू.